तांबड्या रेषेच्या खाली

मंगलाक्का माणसाकडं नुसती बघायची आणि त्याचं वजन सांगायची.

“एकोणपन्नास,” पहिल्या दिवशी बाकावर शेजारी बसता बसता ती मला म्हणाली. “आन् आज न्याहारी न करता आलीयास.”

दोन्ही बरोबर होतं, आणि म्हणूनच मला तिचा राग आला. तसा त्या दिवशी मला सगळ्यांचाच राग आला होता. रविवार होता. घरी आईनं पोहे केले होते, दादा अजून अंथरुणात लोळत होता आणि मी मात्र संख्याशास्त्रात नापास झालेल्या बावीस-तेवीस जणांबरोबर बेळगावातल्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत येऊन बसले होते. कॉलेजात नापास झालेले आणि बाहेरून परीक्षा देणारे, सगळ्यांचा वर्ग एकच. वेळ दहा ते चार. दहा वाजले की वॉचमन जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप घालायचा, ते चारला काढायचा. आधीच्या वर्षी पोरं हजेरी लावून पळून जायची, त्यावर कुणीतरी काढलेला हा उपाय. खिडक्यांना गज, खाली कुलूप, पुढ्यात फळा. पंखा एकच, तोही सरांच्या डोक्यावर.

आमच्या घरात दोन वकील आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. संख्याशास्त्रात नापास होणारी घराण्यातली मी पहिलीच, आणि ही गोष्ट मला रोज जेवताना ऐकवली जायची. तेव्हा शेजारी कोण बसलंय याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण ही बाई गप्प बसेल तर ना! तिनं माझं पाठ्यपुस्तक उचललं, तळव्यावर दोनदा वरखाली केलं आणि ठेवून दिलं.

“साडेआठशे. येवढं वझं रोज आणतीस व्हय गं?”

घरी जाऊन मी ते पुस्तक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. आठशे चाळीस भरलं. मला आणखीनच राग आला.

ही कला तिच्या हातात कुठून आली ते नंतर कळलं. बेळगुंदीच्याही पलीकडं एका खेड्यात ती अंगणवाडीत टीचर होती. गावाचं नाव सांगत नाही, उगाच त्या गावाला बोल नको. वीस वर्षं दर महिन्याला गावातलं सहा वर्षांखालचं प्रत्येक पोर तिनं टांगत्या काट्याच्या झोळीत बसवून तोललं होतं. वजन लिहायचं, तक्त्यावर टिंब द्यायचं. वयाप्रमाणं टिंब हिरव्या पट्ट्यात पडलं तर पोर चांगलं, पिवळ्यात पडलं तर काळजी घ्यायची, आणि खालच्या तांबड्या रेषेच्या खाली गेलं तर दवाखाना. अलीकडं हे सगळं मोबाइलात भरायचं असतं, रंग मोबाइलच दाखवतो. पण तिचा विश्वास जुन्या कागदी तक्त्यावर. तो ती घडी करून पर्समध्ये घालून हिंडायची.

वय त्रेचाळीस. चापूनचोपून नेसलेली साडी, पायात रबरी चप्पल, आणि कुठलंही काम झालं की एकच शब्द, “मुगीतु.” कन्नडमधलं ‘संपलं’. डबा खाऊन झाला, मुगीतु. गणित सुटलं, मुगीतु. सरांनी पोरांना झापलं आणि वर्ग गार पडला, तरी हळूच माझ्या कानात, “मुगीतु.” आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका स्वतःबद्दल ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात, तशीच तीही बोलायची. आमच्या आईला ते ऐकवत नसे. मला मात्र पुढंपुढं त्याची सवय लागली आणि घरी एकदा तोंडातून “मी जेवतो नंतर” असं निघून गेलं, तेव्हा दोन्ही वकिलांनी मान वर केली.

तिचं माहेर कोगनोळीकडं, राज्याच्या सीमेवरच्या नाक्याच्या अलीकडं. शाळा मात्र पलीकडं, कागलला, कारण ती जवळ पडायची. बारावी झाली महाराष्ट्राच्या बोर्डात आणि लग्न होऊन आली बेळगावकडं. चाळिशीजवळ आल्यावर बी.ए.चा फॉर्म भरला तेव्हा खिडकीतल्या माणसानं सर्टिफिकेट उलटंसुलटं करून बघितलं आणि दुसऱ्या राज्याचं आहे म्हणून आणखी एक कागद मागितला. त्या एका कागदापायी वर्ष गेलं.

“नाक्यापास्नं शाळा दिसायची गं,” ती सांगायची. “आमची म्हस रोज पलीकडं चरून यायची. तिला कुणी कागद इचारला न्हाई.”

ही बाई या वयात बी.ए. कशाला करत होती? तर सुपरवायझर व्हायला. अंगणवाडीच्या टीचरना त्यात बढती मिळते, पण पदवी लागते आणि वयाची अट असते. बाकीचे सगळे विषय सुटले होते. अर्थशास्त्रातला हा एक पेपर राहिला होता. पहिल्यांदा अठ्ठावीस मार्क पडले, दुसऱ्यांदा एकतीस, पास व्हायला पस्तीस. पुढच्या वर्षी वय उलटत होतं. म्हणजे ही शेवटची खेप. नवरा, भरमाण्णा, शेतात रताळी करायचा आणि बायकोच्या शिक्षणाबद्दल एकच वाक्य बोलायचा, “बघ बाई तुझं तू.” सासू तेवढंही बोलत नसे. दर रविवारी ती पहाटे उठून सगळ्यांचं करून, जनावरांचं करून, सातची बस पकडून यायची आणि त्या कुलपाच्या आत आमच्यात येऊन बसायची.

“तुमास्नी कुलूप टोचतंय,” एकदा मी वॉचमनच्या नावानं शंख करत होते तेव्हा ती म्हणाली. “मला बरं वाटतंय. हितं हाय तवर कोण हाक मारत न्हाई.”

आम्हाला शिकवायला हिरेमठ सर होते. निपाणीहून बसनं यायचे. अकरा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर. दर जूनमध्ये नवीन ऑर्डर, दर एप्रिलमध्ये ‘बघू’. असा माणूस जितका वैतागलेला असायला हवा तितकेच ते वैतागलेले होते. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीची खिचडी करून शिकवायचे. पेपर मात्र इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्येच लिहायचा. मंगलाक्काची शाळा मराठीतली. कन्नड ती फाडफाड बोलायची, पण वाचायची ते बसच्या पाट्यांपुरतं. इंग्रजीचं तर नावच नको. मग तिनं काय करावं? प्रश्नातले ठरावीक इंग्रजी शब्द पाट्यांसारखे पाठ केले. हा शब्द दिसला की बेरीज करून भागायचं, तो दिसला की ओळीनं मांडून मधला घ्यायचा. अर्थ गेला खड्ड्यात. शब्दाचं तोंड बघून ती गणित ओळखायची.

एकदा सर नमुना कसा घ्यायचा ते शिकवत होते. त्यांचं नेहमीचं उदाहरण, पोत्यातले मूठभर तांदूळ. मूठभर बघितले की पोतं कळतं.

“तसं नसतंय, सर,” मंगलाक्का बसल्या जागेवरून म्हणाली.

सगळे मागं वळले. सरांना मधे बोललेलं चालायचं नाही.

“मग कसं असतंय?”

“माझी आई विड्या वळायची. टोपली भरून कारखान्यात न्यायची. तपासणारा असायचा तितं. आई काय करायची, विड्यांचे चांगले कट्टे वर रचायची आन् घाईगडबडीचे तळाला. पर तपासणारा लई बेरकी. त्यो वरचं बघायचाच न्हाई. हात खाली घालून तळातला कट्टा उपसायचा. त्यो वाईट निघाला की सगळी टोपली छाट. वरची मूठ घेतली की आई पास, तळातली घेतली की नापास. टोपली तीच.”

छाट म्हणजे नाकारलेला माल, हे निपाणीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. सर खडू हातात धरून तसेच उभे राहिले.

“तुमची आई कुठल्या कारखान्यात?” त्यांनी विचारलं.

“आता बंद पडला त्यो.”

“माझी आईपण वळायची,” सर म्हणाले, आणि फळ्याकडं तोंड करून त्यांनी तांदळाचं पोतं पुसून टाकलं. त्या दिवसानंतर ते तिला ‘अहो’ म्हणायला लागले. आमचं ‘ए’ तसंच राहिलं.

गणितात ती वाईट नव्हतीच. सरासरी काढायला मला कॅल्क्युलेटर लागायचा, ती बोटांवर करायची. मग नापास का व्हायची? तर प्रत्येक मोठ्या प्रश्नाच्या शेवटी एक शब्द असायचा, कॉमेंट. आलेल्या उत्तरावर दोन ओळी लिहा. ते मार्क ती दर खेपेला सोडून द्यायची.

“उत्तर आलं की,” ती सरांना म्हणाली. “मुगीतु. त्येच्यावर आनि काय बोलायचं?”

“आकडा काय म्हणतोय ते लिहायचं, मंगलाताई.”

“आकडा काय म्हणणार, सर? मी सांगतो ते म्हणतोय आकडा.”

वर्ग खो खो हसला. मीही हसले. ते वाक्य नंतर मला इतकं छळणार आहे हे तेव्हा काय ठाऊक!

मग आला प्रकल्प. वीस मार्कांचा, आणि तिच्या दृष्टीनं तेच वीस मार्क पैलतीर होते. स्वतः गोळा केलेले निदान तीस आकडे, त्यांची सरासरी, प्रमाण विचलन, एक आलेख आणि खाली कॉमेंट. पोरांनी मित्रांच्या उंच्या घेतल्या. मी आमच्या घरासमोरच्या थांब्यावर बस किती उशिरा येते ते लिहिलं. मंगलाक्कानं अंगणवाडीतल्या पोरांची वजनं आणली, सरळ रजिस्टरवरून उतरवून.

“हे चालणार नाही,” सर म्हणाले. “एक पोर वर्षाचं, एक पाच वर्षांचं. त्यांची वजनं एका टोपलीत कशी घालायची?”

मंगलाक्कानं खालचा ओठ चावला. मग पर्समधला तक्ता काढून बाकावर पसरला.

“मग सर, असं करतो. परत्येक पोराच्या वयाला तांबडी रेघ किती किलोवर हाय ते हितं हायच. पोर त्या रेघंपास्नं किती वर हाय, नाहीतर किती खाली, तेवढंच घेतो. मग वर्षाचं काय आन् पाचाचं काय, समदी एका रांगंत.”

सर आम्हाला म्हणाले, “नोडरी, बघा हे. पुस्तकात हे सातव्या धड्यात आहे. यांनी दुसऱ्या धड्यात शोधून काढलं.” आणि इतके खूश झाले की तिचे आकडे घेऊन स्वतःच फळ्यावर आलेख काढायला लागले. मधे शून्य, म्हणजे तांबडी रेघ. उजवीकडं रेघेच्या वरची पोरं, डावीकडं खालची. आक्का आकडे वाचत होती, सर खांब उंचावत होते. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असा आनंद बघितला. वीस वर्षांचं तिचं काम फळ्यावर चढत होतं.

आलेख पुरा झाला. आणि मी, घरातली अतिशहाणी, जागेवरून ओरडले,

“सर, डावीकडं कोणच नाही! सुरीनं कापल्यासारखं झालंय बघा. आणि रेघेच्या लगेच वर केवढा ढीग!”

खरंच तसं होतं. रेघेच्या खाली एकही पोर नाही. आणि रेघेच्या वर, जेमतेम शंभर-दोनशे ग्रॅमवर, अकरा पोरं दाटीवाटीनं उभी. मला वाटलं मी काहीतरी हुशारीचं बोलले. मी शाबासकीसाठी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडं बघत नव्हते. ते आक्काकडं बघत होते.

“अशी पोरं जन्माला येत नाहीत,” ते अगदी हळू म्हणाले. “ही रेघेवर कुणीतरी आणून ठेवलीत.”

मंगलाक्का उठून उभी राहिली. शाळेतल्या पोरीसारखी हात पुढं घेऊन.

“पुसा, सर,” ती म्हणाली. “मुगीतु.”

सरांनी पुसलं.

दुपारी तिनं डबा उघडला नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसली. खाली कुलूप, जायचं कुठं? मी शेजारी जाऊन बसले.

“आक्का, मी मुद्दाम नाही...”

“तू काय केलीस गं? दिसलं ते बोललीस.”

मग तिनं सगळं सांगितलं, जाळीतून खाली वॉचमनच्या टोपीकडं बघत. पोर तांबड्यात गेलं की त्याला आईसकट शहरातल्या सरकारी दवाखान्यात चौदा दिवस ठेवायचं असतं. रताळी काढायचे दिवस, घरात दुसरं कोण नाही, चौदा दिवस जाणार कोण? सासू सुनेला म्हणणार, तुझ्याच दुधात खोट. मग आया अंगणवाडीच्या दारात येऊन हात जोडायच्या, “आक्का, वाईच वर लिवा की.” वाईच म्हणजे शंभर ग्रॅम, दोनशे, कधी चारशे. तिनं लिहिलं. पुढच्या महिन्यात पोराचं वजन वाढेल, फरक आपोआप मिटेल, या आशेनं लिहिलं. काहींचं मिटलं. काहींचं नाही. वर ऑफिसातही खूश. सुपरवायझर मॅडम म्हणायच्या, तुमच्या गावात तांबडं एक नाही, शाब्बास. बढतीच्या यादीत तिचं नाव पुढं होतं ते त्यामुळंच.

“आता खरं लिवलं तर अकरा पोरं येकदम खाली दिसणार,” ती म्हणाली. “इचारतील, टीचर, तू काय करत हुतीस? न्हाई लिवलं तर...”



मला उपाय दिसला आणि मी तो लगेच केलासुद्धा. वहीचं पान फाडलं आणि बसच्या उशिराचे चाळीस आकडे तिथंच बसून मनानं लिहून काढले. सात मिनिटं, बारा मिनिटं, तीन मिनिटं. “हे घे. हा तुझा प्रकल्प. सरांना काय पडलंय? वजनाचं नावच काढू नको. पास हो, सुपरवायझर हो, मग कर काय करायचं ते.”

तिनं पान घेतलं, वाचलं, घडी केली आणि तक्त्याशेजारी पर्समध्ये ठेवलं. मला हायसं वाटलं. चार वाजता कुलूप निघालं तेव्हा जिना उतरताना ती म्हणाली, “तुजं लिवलेलं कसं खरं दिसतंय गं. मीबी असंच लिवत हुतो.”

आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. मी तोंड मिटून बसले असते तर? सरांच्याही लक्षात आलं नसतं कदाचित. पण मला कुठं गप्प बसता येतं!

पुढच्या रविवारी ती आली, माझं पान माझ्यापुढं ठेवलं. “हे तुजं तुला.” आणि सरांच्या टेबलावर नवीन कागद ठेवला. बुधवारी तिनं गावातली सगळी पोरं परत तोलली होती. प्रत्येकाला दोनदा. काटा चुकतो का बघायला आधी एक किलोचं माप लावून बघितलं होतं. आलेख तिनं स्वतः काढला होता, पट्टी लावून. मधे उंच, दोन्हीकडं उतरता, आणि डावीकडची उतरण रेघ ओलांडून खाली गेलेली. अकरा पोरं रेघेच्या खाली. एक सगळ्यात लांब, एकटंच.

“लक्ष्मी,” तिनं त्या एकट्या खांबावर बोट ठेवलं. “हिला चारशे चढवून लिवलं हुतं म्या.”

आलेखाच्या खाली कॉमेंट होती. मराठीत. ‘आधीच्या वजनात मी माझ्या हातानं वाढ केली होती. ही वजनं खरी आहेत. सरासरी बघून काही कळत नाही, खाली कोण आहे ते बघावं लागतं.’

सरांनी ते दोनदा वाचलं.

“मराठीत चालत नाही, मंगलाताई,” शेवटी ते म्हणाले. “इंग्रजी नाहीतर कन्नड.” मग माझ्याकडं वळून, “याळगी, ए, तू इंग्रजीत करून दे. एक शब्द कमीजास्त करायचा नाही.”

मी केलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं भाषांतर. तिनं खाली सही केली, मराठीतच.

“हे फक्त इथं दिलंय, की ऑफिसला पण असंच गेलं?” सरांनी विचारलं.

“सकाळीच मोबाइलात भरून आलो, सर. दोन वह्या कुठं ठेवू? एक कॉलेजची, एक ऑफिसची?”

“अजून यादी लागायची आहे तुमची. महिनाभर थांबला असता...”

“लक्ष्मी थांबंल व्हय, सर?”

सर खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले.

पुढं जे झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. अकरा पोरं आणि त्यांच्या आया ट्रॅक्स जीपमधून दोन खेपांत शहरात गेल्या. जाताना चार बायकांनी तिला तोंडावर शिव्या घातल्या. एकीच्या सासूनं अंगणवाडीच्या दारात येऊन बोटं मोडली. लक्ष्मीच्या छातीचा आजार निघाला, औषध सुरू झालं. परीक्षा झाली. मंगलाक्का अठ्ठावन्न मार्कांनी सुटली आणि मी एकावन्न. घरी पेढे आणले, वकिलांनी पाठ थोपटली. आणि त्याच आठवड्यात तिला ऑफिसची नोटीस आली. आपल्या केंद्रात एका महिन्यात अकरा बालकं तीव्र कमी वजनाची कशी झाली, याचा खुलासा करावा.

तिनं खुलासा केला. खरा केला. यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. त्या वर्षी वय उलटलं.

मला इतका राग आला की मी सरांना फोन करून ओरडले. जसं काही त्यांनीच यादी लावली होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी त्यांना पास करू शकतो, याळगी. तेवढंच माझ्या हातात आहे. माझी स्वतःची ऑर्डर अजून आलेली नाही.” पलीकडून निपाणी स्टँडवरची बसची घोषणा ऐकू येत होती. मी फोन ठेवला आणि रडले. सरांसाठी रडले, आक्कासाठी रडले, आणि त्या दिवशी ओरडलेल्या माझ्यासाठीही.

दीड वर्षानं पदवीची सर्टिफिकेटं आली. तिचं मी कॉलेजातून घेतलं आणि एका शनिवारी बसनं तिच्या गावी गेले. मला आता बेळगावातच एका ऑफिसात नोकरी लागली होती. दिवसभर आकडेच भरायचे असतात. कधी वरचे लोक म्हणतात, जरा बरा दिसू दे. तेव्हा मला काय आठवतं ते सांगायला नको.

अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. छताच्या हुकाला टांगता काटा, ओट्यावर आया रांगेनं बसलेल्या. मंगलाक्कानं मला बघितलं आणि नुसती हसली. मी सर्टिफिकेट दिलं. तिनं पदराला हात पुसून ते घेतलं, स्वतःचं नाव बोटानं वाचलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात पोरांच्या रजिस्टरावर ठेवलं.

“झालीस की पदवीधर,” मी म्हणाले.

“व्हय. पयली टीचर ह्या गावातली.” आणि जरा थांबून, “उशीर झाला एवढंच.”

मला तिच्याकडं बघवेना. काहीतरी हलकं बोलायचं म्हणून मी तिच्यापुढं सरळ उभी राहिले. “सांग बघू. आता किती मी?”

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओठ उघडले आणि मिटले.

“चढ काट्यावर,” कोपऱ्यातल्या मोठ्या काट्याकडं बोट करून ती म्हणाली. “डोळ्यानं सांगायचं सोडलं मी.”

मी चढले. त्रेपन्न. तिनं वाकून बघितलं, मान हलवली.

नवीन सुपरवायझर आली होती. पंचवीस-सव्वीसची पोरगी, हातात मोबाइल, स्वभावानं चांगली वाटली. आक्कालाच विचारून विचारून भरत होती. माझी परतीची बस होती, मी निघाले. दारातून मागं वळून बघितलं तेव्हा झोळीत एक लहान पोर पाय झाडत होतं. त्याची आई, विशीचीसुद्धा नसेल, पुढं सरकून दबक्या आवाजात म्हणत होती, “आक्का, वाईच वर...”

मंगलाक्का पोराच्या पोटावर तळवा टेकवून त्याला शांत करत होती. पोर थांबलं तशी तिनं हात काढून घेतला, काट्याच्या समोर डोळे नेले आणि काटा पूर्ण थांबायची वाट बघत राहिली.

“सात किलो नऊशे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

“आठ भरू का, आक्का?” सुपरवायझरचं बोट मोबाइलवर थांबलं होतं. “रेघेला शंभरच तर कमी आहेत.”

“न्हाई,” मंगलाक्का म्हणाली. “सात नऊशे.” आणि त्या पोरीचं बोट हलेपर्यंत पोराला झोळीतून न उतरवता तिथंच उभी राहिली.